तीर्थानंतरची गोळी

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धलिंगनं नेहमीप्रमाणे दुकानाच्या फळ्या काढल्या, गादीला हात जोडले आणि आदल्या दिवशी आलेल्या गुळाच्या ढेपेवर अंगठा दाबून पाहिला. गूळ नरम की कडक, यंदाचा की गेल्या सालचा, हे तो अंगठ्यानं ओळखायचा. केजच्या बाजारपेठेत त्याच्या अंगठ्याचं नाव होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं. त्याची नऊ वर्षांची मुलगी शिवानी साखरेच्या पोत्यावर बसून चपलेशी झटापट करत होती. "अप्पा, पट्टा लागंना. चप्पल लहान झाली," ती म्हणाली. चप्पल आत्याच्या लग्नात घेतलेली, वैशाखातली; ती श्रावणात कशी लहान होईल? "पायच मोठे झाले असतील तुझे, म्हातारे," असं चिडवत त्यानं तिचा पाय मांडीवर ओढला, पट्टा ताणला, आणि जोर लावताना अंगठा तिच्या नडगीवर टेकला. अंगठा उचलला तेव्हा तिथं खळगा राहिला होता. तो भरून येईल म्हणून सिद्धलिंग पाहत राहिला. समोर कुणीतरी शाम्पूची पाकिटं मागत होतं, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये एक माणूस पुण्यातल्या भावाला ऐकू जावं म्हणून सगळ्या केजला ऐकवत होता, आणि खळगा होता तसाच होता, कडेला गुळाचा चिकट डाग धरून. मग त्यानं मान वर करून मुलीच्या तोंडाकडं पाहिलं. पापण्या जड होत्या. पंचमीच्या झोक्यावर दिवसभर खेळली, झोप झाली नसेल, असं कालपासून घरात सगळे म्हणत होते, आणि त्यात तोही होता.

पहिल्या खेपेलाही असंच झालं होतं. दोन वर्षांमागं पापण्या सुजल्या तेव्हा झोप, गाल भरले तेव्हा बाळसं, पोट आलं तेव्हा जंत. घरच्या माणसांना आजाराला दुसरं काहीतरी नाव द्यायची मोठी हौस असते. बोटं मिटेनात इतके हात सुजले तेव्हा कुठं तिला एसटीत बसवून बीडला नेलं. तिथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाई सिद्धलिंगच्याच वयाच्या, बोलायला सरळ. किडनीचा आजार आहे म्हणाल्या, आणि त्याचा पडलेला चेहरा पाहून म्हणाल्या, "दुकान आहे ना तुमचं? मग चाळणी माहीत असेल. हिच्या चाळणीची भोकं मोठी झालीत. अंगात राहायला पाहिजे ते लघवीवाटे चाललंय." हे त्याला नीट कळलं. औषधही कळलं: पांढऱ्या गोळ्या, रोज सकाळी, आधी जास्त, मग सांगतील तशा कमी. मीठ जवळजवळ बंद. आणि एक गोष्ट बाईंनी बोट उगारून सांगितली होती. "गोळीनं चेहरा गोल होईल, अंगावर लव येईल, लोक काहीबाही बोलतील. बोलू द्या. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. एकदम बंद केली तर पोर हातची जाईल. आणि आजार उलटला तर मला खरं काय ते सांगायचं." सिद्धलिंगनं सगळ्याला मान हलवली होती. मान हलवण्याची दुकानदाराला सवयच असते, गिऱ्हाईक काहीही बोलो.

गोळी घरात रुळली ती तीर्थाच्या मागून. घर लिंगायत वाण्याचं. सकाळी अंघोळ झाली की सिद्धलिंग गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचा, विभूती लावायचा, आणि मग शिवानी पुढं येऊन ओंजळ करायची. आधी तीर्थ. मग ती पुन्हा ओंजळ करायची, तेव्हा गोळ्या. मग तिची आई दूध द्यायची. दुसऱ्या ओंजळीलाही ती पहिलीसारखेच डोळे मिटायची, आणि ते बघून त्याला बरं वाटायचं. देवाच्या मागोमाग दिलेलं काही चुकत नाही, असं त्याच्या मनात कुठंतरी होतं. लघवीचं मात्र घरात रुळेना. बाईंनी काचेची नळी दिली होती. सकाळची लघवी तिच्यात तापवायची, दूध फाटल्यागत पांढरं झालं तर आजार उलटतोय असं समजायचं. ज्या घरात रोज देवाचा नैवेद्य शिजतो तिथं ही नळी कुठं तापवायची? शिवकांता, त्याची बायको, म्हणाली न्हाणीत. न्हाणीत मेणबत्ती लावून, दार लोटून, नाकाला पदर लावून ती नळी धरायची, आणि हा बाहेर उभा राहून विचारायचा, "काय?" आतून ती म्हणायची, "पाण्यावानी हाय." त्या दोन शब्दांवर त्याचा दिवस चालायचा. सूज उतरली, लघवी निवळली, आणि गोळी आपला रंग दाखवायला लागली. गाल असे फुगले की डोळे आत गेले. दुकानात आलेल्या बाया आधी म्हणायच्या, "शेठ, पोरगी चांगली गुटगुटीत झाली की." मग गालावर, कपाळावर, पाठीवर काळी लव आली तेव्हा त्या काही म्हणेनाशा झाल्या, नुसतं बघायच्या, आणि ते जास्त लागायचं. शाळेत पोरं तिला टरबूज म्हणायची. घरी आली की ती आरशापुढं उभी राहून गाल आत ओढून धरायची, श्वास कोंडून, आणि श्वास सुटला की गाल पुन्हा होते तसे. सिद्धलिंगनं हे एकदा दारातून पाहिलं आणि खोकल्यासारखं करून निघून गेला.

आणि त्यातच रोहिणीचं जमत आलं. रोहिणी त्याची धाकटी बहीण, वडील गेल्यावर त्याच्याच अंगावर वाढलेली. दोन ठिकाणं बघून गेली होती आणि काही न सांगता गप्प बसली होती. कारण सांगितलं असतं तर माणूस निदान भांडला तरी असता. तिसरं ठिकाण वडवणीचं, खता-बियाण्यांचं दुकान, घरची जीप, मुलगा बसवेश शिकलेला आणि हसरा. बघायला मुलाची आत्या आली होती. तिनं रोहिणीला दोन प्रश्न विचारले आणि पोह्यांची बशी घेऊन आलेल्या शिवानीची हनुवटी धरून तोंड खिडकीकडं फिरवलं, बाजारात वांगं फिरवून बघतात तसं. "ही लव कसली गं? एवढ्या लहानपणी? अन् तोंड कावून असं सुजलंय? घरात आणखी कुणाला हाय का असलं?" असं म्हणून तिनं रोहिणीच्या ओठावर नजर लावली. रोहिणीनं पदर तोंडाशी घेतला. "सर्दीचं औषध चालू हाय," शिवकांता म्हणाली. आत्या "हं" म्हणाली. त्या एका हुंकारानं सिद्धलिंगचे पंधरा दिवस खाल्ले. पुढं होकार आला, साखरपुडा झाला, वैशाखातली तारीख निघाली, तरी तो हुंकार काही जाईना. लग्नात ही आत्या येणार, तिच्या शेजारणी येणार, व्हिडिओवाला येणार, आणि मांडवात हे असं तोंड सगळीकडं फिरणार. साखरपुड्याच्या दुसऱ्या सकाळी तीर्थ झालं, शिवानीनं डोळे मिटून दुसरी ओंजळ केली, आणि त्यानं तिच्या ओंजळीवर आपला हात पालथा ठेवला. "आता नको. बरी झालीस तू." तिनं डोळे उघडले. "खरंच? मग तोंड बारीक होईल?" "लग्नापत्तूर होईल की." ती उड्या मारत आत गेली आणि शिवकांता दुधाचा पेला हातात घेऊन बाहेर आली.

"बाईंनी सांगितलं का?" तिनं विचारलं. "लघवी पाण्यावानी हाय म्हणून तूच सांगतीस की रोज." "बाईंनी सांगितलं का, ते विचारते मी." "लग्न होऊ दे. मग चालू करू पुन्हा." "रोहिणीच्या लग्नाचा अन् हिच्या गोळीचा काय संबंध? उद्या तिला काय झालं तर?" त्यावर सिद्धलिंग एक वाक्य बोलला. ते त्यानं ठरवून योजलं नव्हतं, पण तोंडातून बाहेर पडताना ते कुठं जाऊन लागणार हे त्याला पक्कं माहीत होतं. "तुला रोहिणीचं व्हावं वाटत न्हाई का?" शिवकांता पेला घेऊन तशीच उभी राहिली. ज्या घरात बिनलग्नाची नणंद असते तिथं भावजयीनं श्वास जरी मोठ्यानं सोडला तरी लोक अर्थ काढतात, आणि आता नवराच काढत होता. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. आठवड्याभरात शिवानी मलूल पडली. ओकायची, उठून उभी राहिली की भोवळ यायची, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटायची. ऊन लागलं म्हणाले. कांदा फोडून नाकाशी धरला, साखर-मिठाचं सरबत पाजलं, आणि कशानं का होईना पोर सावरली. सिद्धलिंगनं तेवढ्यावरून हिशोब मांडला की जे व्हायचं ते होऊन गेलं. नळी पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून त्यानं स्वतःच माळ्यावर टाकली.

आणि तोंड खरंच उतरत गेलं. आधी डोळे वर आले, मग हनुवटी निघाली, मग एक दिवस गालाचं हाड दिसलं आणि शिवानी ते सगळ्यांना हात लावून बघायला सांगत सुटली. लग्नात ती पोपटी परकर-पोलक्यात मांडवभर हिंडली, पंगतीत सगळ्यांबरोबर बसून लोणचं-पापड खाल्ले, कुणी तिला वेगळं ताट वाढलं नाही. व्हिडिओवाल्याचा दिवा तिच्यामागं फिरत होता. वरमायांच्या घोळक्यातून ती आत्या म्हणाली, "पोर गोड हाय हो तुमची," आणि सिद्धलिंगला वाटलं, आपण जिंकलो. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. लग्न झाल्यावर गोळी चालू करायची होती. पण बरी असलेल्या पोरीला आजाऱ्याचं औषध द्यायला हात होत नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. रोज तीर्थ घेऊन झालं की ती एक क्षणभर थांबायची, आणि मग आपणच हात परकराला पुसून जायची.

आता पोत्यावर बसलेल्या तिच्या पायात चप्पल न चढवता सिद्धलिंगनं ती तशीच बाजूला ठेवली आणि शाम्पूची पाकिटं मागणाऱ्याला आधी पाकिटं दिली. नंतर त्याला या गोष्टीचं नवल वाटलं की त्यानं सुटे पैसेसुद्धा बरोबर परत केले होते. आत जाऊन त्यानं शिवकांताला खूण केली. शिवकांतानं लेकीला न्हाणीत नेलं, मग स्वतः माळ्यावर चढून नळी शोधून आणली, आणि दार लोटून घेतलं. त्यानं "काय?" विचारलं नाही. तिनंच दार उघडून नळी त्याच्यापुढं धरली. नळीत दही विरजल्यासारखं झालं होतं. नेमक्या त्याच वेळी रोहिणीचा नवरा बसवेश दात घासत अंगणात आला. पहिल्या पंचमीला माहेरी आलेल्या बायकोला न्यायला तो काल जीप घेऊन आला होता. त्यानं नळी पाहिली नाही, शिवानीचं तोंड पाहिलं. "अण्णा, पोरीला सूज दिसतेय की. चला, बीडला दाखवून आणू, जीप हाय. एसटीची कशाला वाट बघता?" नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. जावयाला दुपारच्या जेवणाला थांबवायचं, पुरणाचे दिंड करायचे, हे सगळं सिद्धलिंगच्या मनात येऊन गेलं, आणि आपल्या मनात हे येतं याची त्याला शिसारी आली. शिवकांता पिशवी भरून निघायला तयार झाली तेव्हा तो म्हणाला, "रोहिणी एकटी हाय घरात. तू ऱ्हा." तिनं त्याच्याकडं पाहिलं. ती आली तर काय बोलेल हे त्याला माहीत होतं, आणि तो का राहायला सांगतोय हे तिला माहीत होतं. जीपजवळ येऊन तिनं शिवानीच्या अंगावर शाल टाकली आणि त्याच्या इतक्या जवळ उभी राहून की बसवेशला ऐकू जाऊ नये, ती म्हणाली, "तुमच्या पाया पडते. तिथं खरं सांगा. गोळी बंद केलती म्हणून सांगा."

रस्त्यानं शिवानी मागच्या सीटवर झोपली. जीपच्या टेपवर गाणी लागली होती, ती बसवेशनं बारीक केली. बाहेर बाजरी गुडघ्याएवढी झाली होती, आणि सिद्धलिंग तिच्याकडं बघत मनात वाक्य जुळवत होता. तीनच शब्द होते, गोळी बंद केलती, पण त्यांच्यापुढं का आणि कुणासाठी हे शेपूट लागत होतं, आणि ते शेपूट शेजारी बसून गाडी चालवत होतं. शेवटी बोलायला सुरुवात करावी म्हणून तो म्हणाला, "मागं एकदा आलती सूज तिला. किडनीचं हाय थोडं. लग्नाच्या आधीपासून." बसवेशनं आरशातून मागं पाहिलं. "मग सांगायचं न्हाई का अण्णा?" सिद्धलिंग घाईनं म्हणाला, "तसं न्हाई, पाव्हणं..." "आमच्या थोरल्या भावाच्या पोराला फेफरं येतं. सगळ्या वडवणीला माहीत हाय. आजार काय, कुणालाबी होतो. त्यात लपवायचं काय?" "पण तुमच्या आत्यांनी त्या दिवशी..." बसवेश मोठ्यानं हसला. "आत्याचं काय मनावर घेता! ती म्हशीचंबी तोंड फिरवून बघती. तिला कोण विचारतंय? मला रोहिणी पसंत होती, झालं की." एवढं बोलून त्यानं समोरच्या ट्रकला हॉर्न दिला आणि गाडी पुढं काढली.

सिद्धलिंगला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला राग आला, असा राग की कानशिलं तापली. या पोरानं हे साखरपुड्यालाच म्हटलं असतं तर? चैत्रात एकदा हसून बोलला असता तर? एवढं मोल देऊन त्यानं जे विकत घेतलं होतं ते इथं फुकटच पडून होतं, आणि ते सांगणारा माणूस पान खात होता. आणि आता तर खरं बोलणं आणखीच अवघड झालं. कुणी वाईट असतं, हटवादी असतं, तर त्याच्यावर टाकून मोकळं होता आलं असतं. या भल्या माणसाला काय सांगायचं? तुम्ही माझ्या बहिणीला करून घ्यावं म्हणून मी माझ्या पोरीचं औषध तोडलं, आणि तुम्ही तर तसंही करून घेणार होता? "औषध चालू हाय ना पण?" बसवेशनं विचारलं. "चालू हाय की," सिद्धलिंग म्हणाला. आणि रागातच, आपली बाजू कुठं तरी भक्कम असावी म्हणून, त्यानं पुढं जोडलं, "एक दिवस चुकवला न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी शिवानीला ओळखलं. "किती दिवसांनी आलीस गं?" म्हणून त्यांनी तिला टेबलावर झोपवलं, पोट दाबून पाहिलं, नडगी दाबून पाहिली, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला, आणि शेजारच्या खोलीतून लघवीचा तपास येईपर्यंत जुने कागद चाळत राहिल्या. बसवेश भिंतीशी उभा होता. त्याला बाहेर थांबा म्हणावं असं सिद्धलिंगला दोनदा वाटलं, पण ज्याच्या गाडीतून आलो त्याला बाहेर कसं काढायचं? "गोळ्या चालू आहेत ना?" बाईंनी विचारलं. "हो." "कशा देता?" "एक दिवसाआड, तुमी कमी करून दिल्या तशा." ते त्याला पाठ होतं. "मधे सुटल्या?" "न्हाई." बाई खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून ठेवला. "हे बघा, मी का विचारतेय ते ऐका. गोळी सुटली असेल तर सोपं आहे. तीच पुन्हा चालू करू, महिन्याभरात सूज जाईल. पण गोळी चालू असताना एवढं उलटलं असेल, तर आजार गोळीला दाद देत नाही असा त्याचा अर्थ होतो. मग मला दुसरा रस्ता धरावा लागेल. उद्याच औरंगाबादला न्यावं लागेल, तिथं पाठीतून सुई घालून किडनीचा कण काढतात. त्यानंतरचं औषध जबर आहे. केस जातील, ताप येतील. आणि मुलगी आहे म्हणून आत्ताच सांगते, पुढं हिला मूल व्हायला अडचण येऊ शकते. विनाकारण मला हे द्यायचं नाही. म्हणून पुन्हा विचारते."

सिद्धलिंगच्या तोंडात ते तीन शब्द आले. खरोखर आले, जीभ टाळूला लागली होती. खोलीत पंखा फिरत होता आणि तपासाच्या टेबलावर शिवानी उठून बसून दोन्ही पाय खाली सोडून त्याच्याकडं बघत होती. आणखी एक श्वास मिळाला असता तर तो बोलला असता, असं त्याला नंतर जन्मभर वाटणार होतं, आणि ते खरं होतं की नाही हे त्यालाही ठरवता येणार नव्हतं. कारण त्या श्वासात बसवेश बोलला. "न्हाई हो बाई, अण्णा लई काटेकोर हायत. येतानाच सांगत होते, एक दिवस चुकवला न्हाई म्हणून." तो इतक्या आपुलकीनं बोलला की सिद्धलिंगनं सवयीनं मान हलवली. बाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मोठी माणसं डॉक्टरपुढं काय काय बोलतात याचा त्यांना अनुभव असावा. त्या उठून शिवानीपाशी गेल्या आणि तिच्या उंचीला वाकल्या. "तू सांग बेटा. गोळी घेत होतीस ना? मधे कुणी बंद केली होती का? खरं सांगायचं हं, कुणी रागावणार नाही."

शिवानीनं बापाकडं पाहिलं. सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून तिनं त्याच्याकडं आणि मग त्याच्यामागच्या बसवेशकडं पाहिलं, आणि त्या पोरीनं तिथल्या तिथं सगळं जोखलं. हे सिद्धलिंगला तिच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. "रोज घेते," ती म्हणाली. मग आठवून तिनं दुरुस्त केलं. "म्हणजे एक दिवसाआड. अप्पा पूजा करतात, मग तीर्थ देतात, मग गोळी. कडू लागती. मग आई दूध देती." तिनं ओंजळसुद्धा करून दाखवली. बसवेशनं "शाब्बास" म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि सिद्धलिंगला, लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, पहिल्यांदा अभिमान वाटला. काय हुशार पोर! किती बेमालूम! क्षणभर त्याचं सगळं अंग हलकं झालं. मग बाई खुर्चीत बसल्या, त्यांनी जुन्या गोळीच्या नावावर आडवी रेघ मारली आणि औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली, तेव्हा त्याला कळलं की आपण कसले हलके झालो. आता खरं बोलायचं तर फक्त स्वतःलाच खोटं पाडायचं नव्हतं. पोरीलाही पाडावं लागणार होतं, बसवेशमामासमोर, आत्याच्या नवऱ्याला ती मामाच म्हणायची, आणि तेही तिनं ओंजळ करून दाखवल्यावर. हे कारण त्याला इतकं सोयीचं वाटलं की त्याचा त्याला किळस आला, आणि किळस येऊनही त्यानं चिठ्ठी घेतली, घडी घातली आणि बाईंना नमस्कार केला.

परतताना मांजरसुंब्याच्या चौकात बसवेशनं जीप एका ढाब्यापुढं उभी केली. "अण्णा, चहा आणतो. पोरीला बिस्किटं आणतो, बिनमिठाची असतात का बघतो," म्हणत तो उतरला. पोरीला मीठ चालत नाही हे त्याला आता पाठ झालं होतं. समोर बीडकडं तोंड करून एक एसटी उभी होती, कंडक्टर बीड, बीड करत होता. पोरीला उचलून त्या गाडीत बसावं, बाईंचा दवाखाना पाचपर्यंत उघडा असतो, तिथं बसवेश नसेल, कुणीच नसेल. हे सगळं सिद्धलिंगला अगदी स्पष्ट दिसत होतं. बसवेशला काय सांगायचं तेवढंच ठरायचं होतं. तो ते ठरवत होता तेवढ्यात शिवानी मागच्या सीटवरून उठून त्याच्या खांद्याला टेकली. अंग गार आणि लिबलिबीत लागलं.

"अप्पा, ती सुई लई दुखती का?"

"न्हाई. झोपेचं औषध देतात."

एसटीनं घरघर सुरू केली, कंडक्टरनं दार ओढून घेतलं.

"मला माहीत होतं, मामापुढं सांगायचं न्हाई ते," ती हळूच म्हणाली. "रोहिणीआत्याला लोक नावं ठेवतील. अप्पा, मी बरोबर सांगितलं ना?"

ढाब्यातून बसवेश दोन्ही हातांत चहाचे ग्लास आणि काखेत बिस्किटांचा पुडा धरून, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत येत होता. एसटी चौकातून वळून बीडच्या रस्त्याला लागली. सिद्धलिंगनं तिचं सुजलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"बरोबर सांगितलंस, बाळा," तो म्हणाला.